राणीचा रविवारचा भाव

राणी शेळकेला सगळं बोलता यायचं. मलकपेठेत वाढलेल्या पोरीला बोलायला शिकवावं लागत नाही. रिक्षावाल्याशी दख्खनीत, भाजीवालीशी तेलुगूत आणि घरी अप्पांशी मराठीत असं सकाळपासून भांडूनही ती संध्याकाळी ताजीतवानी असायची. फक्त एक गोष्ट तिच्या तोंडून निघत नसे. आपल्या कामाचे आपण किती घेतो, हे. तो प्रश्न आला की बाईसाहेबांची दातखीळ बसलीच म्हणून समजा.

काम काय, तर ती डीजे होती. नवीच, जेमतेम आठ महिन्यांची. दिवसा अप्पांच्या कांद्याच्या आडतीवर बिलं करायची आणि संध्याकाळी खोलीचं दार लावून कंट्रोलरवर बसायची. कंट्रोलर म्हणजे ते दोन चकत्यांचं यंत्र. त्यावर एक गाणं दुसऱ्यात असं मिसळायचं, की नाचणाऱ्याचा पाय चुकू नये. ते यंत्रही तिचं नव्हतं, प्राजक्ताताईचं जुनं होतं. ही प्राजक्ता ठाण्याची, लग्न होऊन हैदराबादेत आलेली आणि सात वर्षं इथल्या बारमध्ये वाजवणारी. राणीला पहिल्या ठेक्यापासून तिनं शिकवलं. शिकवण्याची फी दर महिन्याच्या एक तारखेला मोजून घेतली, पण शेवटच्या दिवशी स्वतःचं यंत्र राणीच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "नवं घेशील तेव्हा परत दे. घाई नाही." राणीला सख्खी बहीण नव्हती. तेव्हापासून होती.

मग राणीनं अकरा बारना निरोप धाडले. दहांनी तोंड उघडलं नाही. अकराव्याचा फोन आला तो जुबिली हिल्समधल्या 'गच्ची' नावाच्या बारमधून. मालक पुष्कर, मूळचा पुण्याचा. पंधरा वर्षं संगणकापुढे बसून कंटाळला आणि एका इमारतीच्या छपरावर टेबलं मांडून मोकळा झाला. सुरुवातीला इंग्रजीतच बोलत होता. मग त्यानं पूर्ण नाव विचारलं. राणी हिम्मतराव शेळके, असं ऐकल्याबरोबर ओरडला, "अगं, तू मराठी?"

झालं! आता हैदराबादेत अनोळखी माणूस मराठी बोलला की जीव कसा विरघळतो, ते पुण्यामुंबईच्या लोकांना सांगून कळायचं नाही. तिकडे ढिगानं मराठी माणसं, कोण कुणाला विचारतो! इथे मात्र चिक्कडपल्लीच्या बाजारात कुणी नुसतं "अगंबाई" म्हटलं तरी चार माणसं वळून बघतात. राणी तर पार पाघळली. पुष्करनं विचारलं, रविवारी पाच ते नऊ वाजवायचं, तुझे किती? ही म्हणाली, "दादा, तुमच्याशी काय भाव करायचा! आपलेच तुम्ही. द्या समजून."

आता मलकपेठेत 'द्या समजून' याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतो. मी तोंडानं मागणार नाही, पण तू माझी किंमत ओळखून चार पैसे वरच दे, नाहीतर उद्या बाजारात तोंड दाखवू नकोस. पुष्करला हे कुठून कळणार! पुण्याचा माणूस, बोललेलं तेवढंच ऐकणार. त्यानं समजून घेतलं की पोरीला हौस आहे. म्हणाला, "मग पंधराशे आणि जेवण. चालेल?" हिनं खुशाल "हौ" म्हणून टाकलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, पण इथे बिचारा चोरही नव्हता. हिनंच हाक मारून किल्ल्या दिल्या.

पाच रविवार मात्र असे गेले, की काय सांगावं! राणीनं लावणीच्या ढोलकीखाली इकडच्या वरातींत नाचवणारा तीनमारचा ठेका सरकवला आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळले, की टेबलावरची तेलुगू पोरं आणि पुण्याच्या काकू एकाच वेळी उठल्या. पहिल्या रविवारी तीन टेबलं भरली होती. पाचव्या रविवारी जागा नाही म्हणून माणसं जिन्यात उभी राहिली. राणी घरी यायची ती टॅक्सीत गुणगुणत. आपण जन्माला आलो ते याचसाठी, असं तिला खरोखर वाटत होतं.

सोमवारी सकाळी आडतीवर प्राजक्ताताईचा फोन आला.

"राणी, गच्चीवर तू वाजवतेस? कुणीतरी व्हिडिओ पाठवला मला."

"हौ ताई! तुला बोलावणारच होते. जरा हात बसू दे म्हटलं, मग—"

"किती घेतेस?"

राणीचा आवाज खाली आला. "पंधराशे. आणि जेवण."

मग ताई म्हणाली, "ते रविवार माझे होते. दोन वर्षं मी तिथे सात हजारांत वाजवत होते. पुष्कर मला म्हणाला, सध्या संगीत बंद ठेवतोय."

"ताई, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं! कुठे वाजवतेस ते तू कधी सांगितलंच नाहीस."

"माहीत नव्हतं, मानलं. तू तिथे वाजवतेस याचाही राग नाही. पण काल माधापूरचा एक बारवाला मला तोंडावर म्हणाला, पंधराशेत मुलगी मिळते, तुम्हाला सात कशाला देऊ? ती मुलगी मी शिकवलेली निघाली, राणी. माझ्याच यंत्रावर वाजवणारी." आणि फोन ठेवला.

राणीनं दिवसभरात नऊ निरोप पाठवले. ताईनं एकही उघडला नाही. त्यात बुधवारी पुष्करचा निरोप आला: रविवारी चार वाजता ये, पुढच्या तीन महिन्यांचं लिहून पक्कं करू, रेट तोच. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. त्याच पैशांत सही केली तर ताई जन्मात बोलणार नाही. खरा भाव सांगितला तर गच्ची हातची जाणार. गच्ची गेली तर राणीला वाईट वाटलंच असतं, पण ताई गेली तर ते तिला सोसवणार नव्हतं. तेव्हा भाव सांगायचाच, असं ठरवून ती शुक्रवारी दुपारी गोदामात गेली आणि कांद्याच्या पोत्यांपुढे उभी राहून सराव करू लागली.

"दादा, माझे... म्हणजे असं आहे की... दादा, तुम्ही गैरसमज नका करून घेऊ..."

"कांद्याला दादा कामून म्हनायलीस माय?" मागून हिम्मतरावांचा आवाज आला.

हिम्मतराव म्हणजे अप्पा. त्यांचे वडील भालकीकडची शेती भावांवर सोडून मलकपेठेच्या बाजारात आले होते, आणि अप्पांचा जन्म कांद्यातच गेला होता. मुलगी काय वाजवते ते त्यांना कळत नसे. पण मुलगी रडवेली झालीय, हे त्यांना पोत्याआडूनही कळलं. राणीनं सगळं सांगितलं. अप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पोत्यावर ठेवला आणि खाली बसले.

"पंधराशे कशावरून घेतलेस?"

"त्यानं दिले."

"तसं नाही. माल घरात कितीला पडतो तुझा? गाडीभाडं?"

"जायचे यायचे नऊशे."

"बरं. माल कुठून येतो?"

"गाणी विकत घेते अप्पा. आठवड्याला पाचशेची."

"म्हंजे झाले चौदाशे." अप्पांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "चार घंटे उभं राहून शंभर रुपये कमावलेस. अगं, शंभरात आपला हमाल पोतं उचलणं सोड, पोत्याकडं बघतबी नाही!"

राणीला हसूही आलं आणि लाजही वाटली. अप्पा मात्र रंगात आले. मजुरी मांडली. रविवारचे चार तास आणि त्याआधी खोलीत बसून जुळवाजुळव करायचे आठ, असे बारा तास, तासाला अडीचशे. यंत्राची झीज पाचशे. ऐनवेळी एखादा बार नाही म्हणतो, त्याची तूट पाचशे. बेरीज आली पाच हजार चारशे.

"साडेपाचाच्या खाली घरातून माल काढायचा नाही," अप्पा म्हणाले. "सातापासून सुरू कर, सहाला सोड. आणि त्या ताईचं ऐक. एकानं कांदा फुकट वाटला की पूर्‍या बाजाराचा भाव पडतो. वर लोक म्हणतात, सडका असंल म्हणून वाटतोय."

"पण मला बोलता येत नाही अप्पा. तोंडच उघडत नाही."

"मग तोंडानं कशाला बोलायचं?" अप्पांनी टॉवेल उचलला. "माझा बाप मिरचीचा सौदा करायचा ते रुमालाखाली. हजार की शंभर, तेवढं तोंडानं. बाकी बोटं. धर हात."

टॉवेलाखाली बापलेकीचे हात गेले. पूर्ण पंजा धरला की पाच, वर दोन बोटं दाबली की सात. पटलं तर समोरच्यानं तीच बोटं परत दाबायची, नाही पटलं तर आपली. आणि जो आधी हात काढेल, सौदा त्यानं मोडला. "चारचौघांत तोंड उघडलं की नातं मधी येतं, मान मधी येतो," अप्पा म्हणाले. "बोटाला लाज नसते माय." अर्ध्या तासात राणीनं अप्पांना तीन ट्रक कांदा विकला, तोही चढ्या भावानं. अप्पा तळवा चोळत म्हणाले, "जमलं. आता हेच त्याला तोंडानं सांग म्हंजे झालं."

रविवारी चारला ती गच्चीवर पोचली. पुष्करनं कागद तयार ठेवला होता. बारा रविवार, तारखांसकट. "आणि हे बघ," तो अभिमानानं म्हणाला, "सोळाशे केलेत. आपलं माणूस म्हणून शंभर वाढवलेत हं!"

राणीनं तोंड उघडलं. काही म्हणजे काही आलं नाही. पुन्हा उघडलं, तर "दादा" एवढंच आलं. पुष्करनं पेन पुढे केलं. आता मेले, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच क्षणी तिनं टेबलावरचा कापडी नॅपकिन झटकून उलगडला.

"दादा, उजवा हात द्या."

"का? भविष्य बघतेस?"

"भाव करायचाय. हजारात." एकदा भाव सोडून दुसरं बोलायचं म्हटल्यावर राणीची जीभ सुटली. तिनं सगळे नियम सांगितले. पुष्करच्या पंधरा वर्षांच्या नोकरीत असलं काही झालं नव्हतं. त्यानं बाही वर केली आणि हात नॅपकिनखाली घातला. टेबलं पुसणारे तिघं वेटर फडकी घेऊन तिथेच थांबले.

राणीनं पंजा धरला आणि दोन बोटं दाबली.

"सात?" पुष्कर किंचाळला.

"तोंडानं नाही दादा!"

वेटर खो खो हसले. पुष्करनं दोन दाबले. राणीनं पुन्हा सात. त्यानं तीन. तिनं सात. त्याला नाक खाजवायचं होतं, पण हात काढला तर सौदा मोडतो, म्हणून त्यानं डाव्या हातानं खाजवलं. राणीनं डावा हात लांब करून शेजारच्या टेबलावरची 'राखीव' लिहिलेली पाटी त्याच्याकडे वळवली. मग त्याच्या पलीकडची दाखवली. चौदापैकी अकरा टेबलांवर तसल्या पाट्या होत्या. पुष्करनं त्या मोजल्या, आणि मोजतोय हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं चार दाबले.

तेवढ्यात जिन्यातून एक काकू वर आल्या, पाचची वेळ असताना साडेचारलाच. "तो ढोलकीवाला प्रकार आजही आहे ना हो?" त्यांनी पुष्करला विचारलं. "नाशिकच्या पाहुण्यांना घेऊन आलेय. आणि हे काय, हात बांधलेत का तुमचे?"

"आहे, आहे," पुष्कर म्हणाला आणि पाच दाबले.

राणीनं पंजा धरला, एक बोट दाबलं आणि तिथेच थांबली. सहा. पुष्करनं आभाळाकडे बघितलं, पाट्यांकडे बघितलं, नाशिकच्या पाहुण्यांकडे बघितलं. मग उसासा टाकून सहा परत दाबले. वेटरांनी टाळ्या पिटल्या. राणीनं नॅपकिन काढला तेव्हा दोघांचे हात घामानं थबथबले होते.

"अगं, मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?" पुष्कर बोटं झाडत म्हणाला. "तूच म्हणालीस, द्या समजून. मी समजलो!"

"आमच्याकडे त्याचा अर्थ भरपूर द्या असा होतो."

"मग भरपूर द्या, असं म्हणायचं ना!"

"असं कुणी म्हणतं का दादा?"

दोघंही हसले. हसणं ओसरल्यावर राणी म्हणाली, "आता दुसरं. बारा रविवार मी घेणार नाही. सहा माझे, सहा प्राजक्ताताईचे. आणि तिला फोन तुम्ही करायचा. संगीत बंद आहे, असं तुम्ही सांगितलंत. सुरू आहे, हेही तुम्हीच सांगा."

पुष्करचे कान लाल झाले. माणूस वाईट नव्हता, पण स्वस्त मिळालं की कुणाचीही नियत हलते. "ती मला फाडून खाईल," तो म्हणाला.

"खाईल. ऐकून घ्या."

तो फोन घेऊन कुंड्यांपाशी गेला. दहा मिनिटं नुसती मान हलवत उभा होता. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. "येतेय," म्हणाला. "अजून बोलायचं राहिलंय म्हणे."

पाचला राणीनं सुरुवात केली. टेबलं भरत गेली, पाहुणे माना डोलवू लागले, पण राणीचं सगळं लक्ष जिन्याकडे. पावणेसहाला प्राजक्ताताई आली. भिंतीला टेकली, हाताची घडी घातली आणि राणीकडे न बघता उभी राहिली. राणीचं बोट घसरून ठेका चुकता चुकता राहिला. आता उतरून पाय धरावेत, असं तिला वाटत होतं, पण चालू गाणं सोडून कसं जाणार?

शेवटी ताईच चालत यंत्रापाशी आली. काहीतरी म्हणाली. स्पीकरपुढे राणीला ऐकू जाईना.

"काय?"

"किती ठरलं?" ताई ओरडली.

"सहा हजार!" राणी जीव खाऊन ओरडली. आणि नेमकं त्याच क्षणी गाणं त्या जागी आलं, जिथे सगळी वाद्यं थांबतात. गच्चीवरच्या चौदा टेबलांनी, तिन्ही वेटरांनी आणि नाशिकच्या पाहुण्यांनी ते सहा हजार लख्ख ऐकले. काकूंनी "वा!" म्हटलं. कुणीतरी टाळी वाजवली. राणीनं दोन्ही हात तोंडावर नेले. जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतःचा भाव तोंडानं सांगितला होता, आणि तोही अख्ख्या गच्चीला.

प्राजक्ताताईच्या ओठाचा कोपरा हलला. ती पुष्करकडे वळली. "ऐकलंस ना? नवी मुलगी सहा घेते. मग माझे आठ."

"अगं, तुझे सात होते!"

"ही पंधराशे घेत होती, तेव्हा माझे सातही जड झाले होते तुला. आता ही सहावर आली. मला सात वर्षं झालीत वाजवताना. बोल."

पुष्करनं बोलण्यासाठी तोंड उघडलं. मग दुखरा उजवा हात बघितला आणि मिटलं. "आठ," तो म्हणाला. "लिहितो." आणि कागद शोधायला निघून गेला.

राणी ताईकडे बघतच राहिली. "एवढं सोपं? मग आधीच आठ का नाही मागितलेस?"

"आधी माझ्याखाली सहा मागणारी कोण होती टेकायला?" ताईनं तिचा कान धरला, जोरातच धरला. "तू पडलीस की मी पडते, वेडे. तू चढलीस तर मीपण चढते. सहा महिने शिकवलं तुला, आणि हे मलाच कुठे धड माहीत होतं!"

मग राणीला राहवलं नाही. तिनं ताईला घट्ट मिठी मारली. हेडफोनच्या वायरी दोघींच्या गळ्यात अडकल्या, राणी रडत होती, ताई "अगं, सोड, यंत्र पडेल" म्हणत स्वतःच सोडत नव्हती, आणि या सगळ्यात चालू गाणं कधी संपलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. गच्चीवर चिडीचूप.

"अहो, गाणं लावा की!" काकू ओरडल्या.

"लावते, लावते!" ताई ओरडली. तिनं डाव्या हातानं डोळे पुसले, उजव्या हातानं तीनमार लावला, आणि राणीनं त्यावर ढोलकी चढवली तेव्हा नाशिकचे पाहुणे सगळ्यांच्या आधी उठले.